पित्ताशय फुटल्याची शंका आली तर: खडा दिसला तरी सोनोग्राफीचा प्रोब उचलू नका

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पित्ताशयात खडे, भिंतीला सूज’ एवढं उमटलं की पुढचं सगळं सावकाश चालतं. सलाईन लागते, अँटिबायोटिक सुरू होतं, बाकीचं सकाळच्या राउंडला बघू असं ठरतं. बहुतेक पेशंटना त्यात काही धोका नसतो. पण पित्ताशयाला तीव्र सूज आलेल्या शंभर जणांपैकी साधारण दोन ते अकरा जणांची भिंत फुटते, असं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलं आहे. त्या थोड्यांसाठी सकाळपर्यंतचा वेळ फार मोठा असतो.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेजात शिकले, आता शहरातच धंतोलीत काम करते आणि रात्रीच्या इमर्जन्सी सोनोग्राफी, सीटी बघते. आमच्याकडे पेशंट फक्त शहरातून येत नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पलीकडे बालाघाट, छिंदवाडा इथूनही येतात, आणि बरेचदा दोन-तीन ठिकाणी थांबून येतात. म्हणून हे कॅज्युअल्टीतल्या इंटर्न-रेसिडेंट मुलामुलींसाठी लिहितेय, तसंच प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या पोटाला पहिला हात लावणाऱ्या डॉक्टरांसाठीही. घरच्या माणसांना वाचता यावं म्हणून शब्द शक्य तेवढे साधे ठेवलेत.

सांगायचंय ते एवढंच. भिंत सगळ्या बाजूंनी सलग आहे का ते बघा. नसेल तर आतलं पित्त, पू, रक्त, खडा कुठे गेला ते शोधा. पुस्तकात दुर्मिळ म्हणून वेगवेगळ्या नावांनी दिलेल्या बहुतेक गुंतागुंती याच एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरं आहेत.

भिंत कुठे आणि का फुटते

खडा पित्ताशयाच्या मानेत किंवा नळीत अडकला की पित्त बाहेर पडत नाही. पित्ताशय तट्ट फुगतं. दाब वाढत गेला की आधी शिरा दबतात, मग भिंतीला रक्त मिळेनासं होतं, भिंत काळी पडते आणि सडलेल्या जागी फुटते. दुखणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांत हे होऊ शकतं, काही आठवड्यांनीही होऊ शकतं. सर्वांत जास्त वेळा तळ, म्हणजे फंडस फुटतो, कारण रक्त पुरवणारी सिस्टिक धमनी त्याच्यापासून सर्वांत लांब आहे. फंडसच्या छिद्रावर सहसा काही येऊन बसत नाही, त्यामुळे पित्त आणि खडे सरळ पोटात सांडतात. दुसऱ्या जागी फुटलं तर ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) किंवा जवळचं आतडं पदरासारखं येऊन छिद्र झाकतं आणि पू तिथल्या तिथे साठतो.

निमायर यांनी १९३४ मध्ये यावरूनच वर्गवारी केली: पहिला प्रकार मोकळ्या पोटात फुटणं, दुसरा पित्ताशयाभोवती गळू होणं, तिसरा आतड्याशी जुनी वाट तयार होणं. पित्तनलिकेशी वाट तयार होण्याचा चौथा प्रकार नंतर जोडला गेला. हे पाठ करण्यासाठी सांगत नाही. पहिल्या प्रकारात घड्याळ तासांत मोजायचं असतं, दुसऱ्यात एखादा दिवस हातात असतो आणि तिसरा प्रकार भलत्याच तक्रारीने समोर येतो, एवढा फरक मनात ठेवला तरी पुरे.

साठीच्या पुढचे, मधुमेही, स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेले, भाजलेले, आयसीयूत बरेच दिवस उपाशी असलेले पेशंट यांच्याबाबतीत शंका लवकर घ्या. आयसीयूतल्यांना तर खडा नसतानाही हे होतं.

दुखणं अचानक थांबलं तर

कॉटजवळ मला सर्वांत जास्त धास्तावणारं वाक्य म्हणजे, “मॅडम, आता बरं वाटून राहिलं जी, घरी जाऊ द्या.” पित्ताशय फुगलेलं असताना जो ताण असतो तो फुटल्याबरोबर सुटतो, आणि पेशंटला खरोखर बरं वाटतं. घरचे चहा विचारतात. मग काही तासांनी दुखणं सगळ्या पोटात पसरतं, ताप चढतो, पोट ताठ होतं. मधल्या या वेळात पेशंट घरी गेला तर तो परत येतो तेव्हा बीपी पडलेलं असतं.

म्हणून दुखणं कमी झालं म्हणताच दोन गोष्टी विचारा. ते हळूहळू ओसरलं की एकदम गेलं? आणि त्याआधी इंजेक्शन कुठे, कोणतं, किती वाजता दिलं होतं? गावात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेऊनच बरेच लोक निघतात. इंजेक्शननंतर अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू उतरलेलं दुखणं वेगळं. इंजेक्शन सकाळी झालं, दिवसभर दुखलं आणि संध्याकाळी एकाएकी थांबलं, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात नाडी मोजा. दुखणं गेलं पण नाडी ११०च्या वर आहे आणि श्वास भरभर चाललाय, तर त्या ‘बरं वाटण्या’वर विश्वास ठेवू नका. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी वाढणारच नाही, तेव्हा गोळ्यांची पाकिटं काढून बघा. दुखणं कमी करणारं औषध देऊ नये, निदान झाकलं जातं, ही जुनी समजूत मात्र सोडून द्या. द्या, फक्त वेळ लिहून ठेवा.

उजव्या बरगडीखाली हात ठेवून खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि श्वास मध्येच अडकतो का बघायचं, ही मर्फीची खूण सगळ्यांना येते. तिच्यावर भिस्त किती ठेवायची हे मात्र शिकवावं लागतं. भिंत सडली की तिथल्या नसाही मरतात आणि खूण नाहीशी होते. म्हाताऱ्या मधुमेही पेशंटमध्ये ती मुळातच मंद असते. कालच्या कागदावर ‘मर्फी पॉझिटिव्ह’ आणि आज ‘निगेटिव्ह’, असं दिसलं आणि पेशंट मात्र जास्त गळालेला असेल, तर ती सुधारणा धरू नका.

आपल्याकडे मे महिन्यात आणखी एक अडचण येते. ताप, उलट्या, ग्लानी म्हटलं की ऊन लागलं असंच घरात ठरतं, पन्हं पाजलं जातं, तळपायाला कांदा चोळला जातो. पंचेचाळीस अंशांत ते बहुतेकदा खरंही असतं. पण ऊन लागलेल्या माणसाचं पोट उजव्या बाजूला ताठ होत नाही. उन्हाळ्यात ताप-उलटीचा प्रत्येक पेशंट आडवा करून, कपडा बाजूला करून पोटाला हात लावा. एवढंच करायचं आहे, पण ते राहून जातं.

पहिल्या अर्ध्या तासात

ईसीजी आधी काढा. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका हुबेहूब वरच्या पोटात दुखतो, मधुमेही माणसात तर नुसत्या उलट्यांनी येतो. मग रक्त: पेशी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य), लायपेज (स्वादुपिंडासाठी), साखर, गोठण्याची तपासणी, जमत असेल तर लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडतंय का ते सांगणारं) आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का). पांढऱ्या पेशी अठरा हजारांच्या वर, दुखणं बहात्तर तासांच्या पुढचं, उजव्या बाजूला हाताला लागणारा दुखरा गोळा, यांपैकी काहीही असेल तर २०१८च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांनुसार सूज किमान मध्यम तीव्रतेची धरतात. बीपी, शुद्ध, श्वास, किडनी, यकृत, प्लेटलेट यांतलं काही ढासळलं की ती तीव्र झाली. उलट्या बाजूनेही सांगते: म्हाताऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणून निश्चिंत होऊ नका. पोटात सांडलेलं पित्त पुन्हा रक्तात शोषलं जातं, त्यामुळे नळीत काही अडकलेलं नसतानाही बिलिरुबिन चढू शकतं.

छातीचा उभा एक्स-रे काढाच, पण त्याचा अर्थ नीट लावा. जठराचा अल्सर फुटला तर डायफ्रॅमखाली, म्हणजे छाती-पोटाच्या मधल्या पडद्याखाली, हवेची चंद्रकोर दिसते. पित्ताशयात हवा नसतेच, त्यामुळे ते फुटलं तरी सहसा काही दिसत नाही. ‘पडद्याखाली हवा नाही म्हणजे काही फुटलेलं नाही’ असं वाक्य मी रेफर होऊन आलेल्या कागदांवर अनेकदा वाचलंय. ते वाक्य पुसायला हवं.

सोनोग्राफी: मी कशी बघते

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

नेहमीच्या वक्र प्रोबने (पोटावर फिरवायचं मशीनचं टोक) सुरुवात करते. पाठीवर, मग डाव्या कुशीवर, खोल श्वास रोखून. मानेत खडा अडकलाय का, कुशीवर वळवल्यावर तो हलतो का, हे आधी. उपाशीपोटी भिंत तीन मिलिमीटरच्या वर जाड म्हणजे सूज, इथपर्यंत सगळे येतात. आता प्रोब उचलायचा नाही. भिंतीचा कडेकडेने पूर्ण फेरा करायचा: मान, यकृताला टेकलेली बाजू, मोकळी बाजू आणि शेवटी फंडस. फंडस बरेचदा पोटाच्या पुढच्या भिंतीला चिकटून असतो आणि वक्र प्रोबच्या अगदी जवळ येत असल्याने धूसर दिसतो. तिथे वरवरचा लिनिअर प्रोब लावा, जो आपण थायरॉइडला वापरतो. एरवी न दिसणारं छिद्र मला यानेच दिसलं आहे.

भिंतीची रेषा तुटलेली आणि त्या तुटीतून आतलं-बाहेरचं पाणी जोडलेलं, ही सर्वांत खात्रीची खूण. पण पित्ताशयाच्या वळणावर ध्वनिलहरी वाकतात आणि रेषा खोटीच तुटल्यासारखी वाटते, म्हणून उभ्या आणि आडव्या दोन्ही छेदांत दिसली तरच लिहा. कलर डॉप्लर (वाहतं रक्त, पाणी रंगात दाखवणारी सोय) लावून प्रोबने हलकेच दाबलं तर कधीकधी छिद्रातून पित्त बाहेर जाताना दिसतं. भिंतीत रंग अजिबात न भरणं हे भिंत मेल्याचं सूचक आहे. आत सुटलेले पापुद्रे तरंगत असतील तरीही तसंच.

छिद्र दिसत नसेल तर त्याच्या मागे राहिलेल्या खुणा शोधा. काल फुगलेलं पित्ताशय आज चपटं, आणि भोवती पाणी. पित्ताशयाबाहेर सावली टाकणारा खडा. यकृत-किडनीच्या मधली फट, उजव्या कडेची घळ, आणि खाली ओटीपोट या तीन जागा बघितल्याशिवाय तपासणी पूर्ण धरू नका. काल दुसऱ्या सेंटरवर सोनोग्राफी झाली असेल तर ती फिल्म मागवा. दोन फिल्म शेजारी धरल्या की जे कळतं ते एकट्या फिल्मवरून कळत नाही.

पित्ताशयाच्या जागी नुसतीच चमकदार, मळकट सावलीची रेघ दिसली तर ‘गॅसमुळे पित्ताशय दिसलं नाही’ असं लिहून सोडू नका. मधुमेही पुरुषांत, जंतू भिंतीतच हवा तयार करतात असा सुजेचा एक प्रकार होतो. ती हवा आतड्यातल्या हवेसारखीच दिसते. कुशीवर वळवून, पाणी पाजून जागा बदलत नसेल तर लगेच सीटी. अशा पित्ताशयाचं फुटणं नेहमीच्या सुजेपेक्षा कितीतरी जास्त होतं.

आतलं कुठे गेलं

*मोकळ्या पोटात.* वर सांगितलंच. पाणी असेल आणि खात्री होत नसेल तर सोनोग्राफीखाली सुईने थोडं ओढा. हिरवट-पिवळं, तपकिरी आलं तर त्यातलं बिलिरुबिन मोजायला पाठवा. ते ६ मिलिग्रॅमच्या वर आणि रक्तातल्या बिलिरुबिनपेक्षा जास्त असेल तर ते पित्तच. ड्युओडेनम (जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला भाग) फुटलं तरी पित्ताच्या रंगाचं पाणी येतं, म्हणून ॲमायलेजही (स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य) पाठवा आणि एक्स-रेतली हवा परत बघा. अपघातातल्या पेशंटला इथे वेगळी वागणूक द्या. मोटरसायकलचं हँडल पोटात घुसलं, त्यातून दारू प्यालेला किंवा उपाशी म्हणजे पित्ताशय भरलेलं, अशा वेळी ते टचकन फुटू शकतं. पण हे पित्त निर्जंतुक असतं, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस पोट जरासं दुखण्यापलीकडे काही होत नाही. मग पोट फुगतं, डोळे पिवळे होतात. अपघातानंतर सोनोग्राफी नॉर्मल म्हणून घरी पाठवलेल्या मुलाचे डोळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळे दिसले, तर कावीळ म्हणून पथ्य सांगू नका, पोट पुन्हा बघा.

*यकृतात.* पित्ताशयाची एक बाजू यकृताला टेकलेली असते. ती फुटली तर पू यकृतातच शिरतो आणि गळू होतं. आपल्या भागात यकृताचं गळू म्हटलं की अमिबाचं, मेट्रोनिडॅझोल द्या, आठवड्याने बघू, असं डोक्यात बसलेलं आहे. पण गळू पित्ताशयाच्या खाचेला लागूनच असेल तर त्याकडे तोंड असलेली भिंत निरखून बघा. गळवात खडा दिसला तर प्रश्नच मिटला. फक्त गळवाची नळी टाकून पेशंट बरा होत नाही, मूळ पित्ताशयाचं काही करावं लागतं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘यकृताचे गळू’ एवढंच लिहिणं अपुरं आहे.

*आतड्यात.* हा जुना, धिमा प्रकार. पित्ताशय ड्युओडेनमला चिकटतं, वाट पडते, मोठा खडा आतड्यात उतरतो. अडीच सेंटिमीटरच्या पुढचा खडा पुढे सरकत सरकत लहान आतड्याच्या शेवटी, जिथे ते सर्वांत अरुंद आहे, तिथे अडकतो. पेशंट बहुधा वयस्कर बाई. तक्रार पित्ताशयाची नसतेच: पोट फुगलं, उलट्या, संडास बंद, मधे एक दिवस बरं, परत तेच, कारण खडा अडकतो, सुटतो, पुढे जाऊन पुन्हा अडकतो. १९४१ मध्ये रिग्लर यांनी तीन खुणा एकत्र मांडल्या: आतडं अडकलेलं, पित्तनलिकांत हवा, आणि भलत्या जागी खडा. साध्या एक्स-रेवर तिन्ही एकदम क्वचित सापडतात, सीटीवर सापडतात. पोटावर जुना टाका नाही, हर्निया नाही आणि तरी म्हाताऱ्या बाईचं आतडं अडकलंय, तर यकृतातल्या नळ्यांत हवा आहे का ते मुद्दाम बघा. आधी एंडोस्कोपीने पित्तनलिका उघडली असेल तर ती हवा तशीही असते, हे विचारून घ्या. खडा वरच, ड्युओडेनममध्ये अडकला तर पोट फुगत नाही, नुसत्या उलट्या होतात. १८९६ मध्ये बूव्हरे यांनी वर्णन केलेला प्रकार तो हाच.

*कातडीकडे.* उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीजवळ लाल, दुखरा फोड. दवाखान्यात चिरा देतात, पू निघतो, जखम भरतच नाही, आणि पट्टी बदलताना एक दिवस पिवळं पाणी किंवा खडाच हाती येतो. याची पहिली नोंद १६७० सालची आहे. कुर्व्हाझिए यांनी १८९०मध्ये पित्ताशय फुटलेल्या ४९९ जणांची माहिती मांडली, त्यांत १६९ जणांत पित्त असं कातडीतून बाहेर आलेलं होतं. अँटिबायोटिक आणि वेळेत होणाऱ्या ऑपरेशनमुळे आज हे फार कमी दिसतं. पण गावात अंगावर दुखणं काढणारी माणसं अजून आहेत. त्या जागेवर चिरा देण्याआधी एकदा लिनिअर प्रोब ठेवा, खोल कुठे वाट जातेय का बघा.

दुर्बिणीने पित्ताशय काढलेल्या माणसाबद्दल इथेच सांगून टाकते. ऑपरेशनमध्ये पिशवी फाटून एखादा खडा मागे राहिला असेल तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, यकृतामागे किंवा उजव्या कुशीत गळू होतं. ‘पित्ताशय तर काढलंय’ म्हणून हा विचार सुचत नाही. गळवात सावली टाकणारा ठिपका शोधा.

*रक्त.* हृदयाचा वॉल्व्ह बदलल्यावर किंवा अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, पित्ताशय सुजलंय आणि पेशंट एकाएकी पांढरा पडला, हिमोग्लोबिन उतरलं, तर फुटलेल्या भिंतीतून रक्त येतंय का बघा. सोनोग्राफीत पाणी स्वच्छ काळं न दिसता दाणेदार दिसतं. सीटीवर पित्त पाण्याच्या आकड्याजवळ, रक्त साधारण ३० हाऊन्सफील्डच्या (सीटीवर घनता मोजण्याचं एकक) वर. सुजेमुळे धमनीला फुगा येऊन तो पित्तमार्गात फुटला तर उजवीकडे दुखणं, कावीळ आणि काळी संडास असं त्रिकूट होतं. १८७१ मध्ये क्विंके यांनी ते सांगितलं. तिन्ही एकत्र येण्याची वाट बघू नका, काळी संडास आणि सुजलेलं पित्ताशय एवढ्यावर धमनीच्या फेजचं (शिरेतून दिलेलं औषध धमन्यांत असतानाच काढलेलं) सीटी मागा.

पित्तनलिकेत वाट पडली तर काविळीने कळतं आणि एमआरसीपीवर (पित्तनलिकांचा एमआरआय) दिसतं. पू वर सरकला तर डायफ्रॅमखाली गळू होतं आणि उजव्या फुप्फुसाखाली पाणी साठतं. उजव्या खांद्यात दुखणं आणि उजव्या तळाचा ‘न्यूमोनिया’ औषधाने हटत नसेल, तर सोनोग्राफी डायफ्रॅमच्या खालीही करा.

सीटी कधी

खडे दाखवायला सोनोग्राफी सरस. बरेच कोलेस्टेरॉलचे खडे सीटीत दिसतच नाहीत. भिंतीची तूट, बाहेरचं गळू, हवा, रक्त दाखवायला सीटी सरस. म्हणून पेशंट उभा राहण्याइतका स्थिर नसेल पण टेबलावर आडवा राहू शकतो, तर एकदा साधं आणि मग कॉन्ट्रास्टचं (शिरेतून औषध देऊन काढलेलं) सीटी करून घ्या. आधी साधं अशासाठी, की ताजं रक्त आणि पांढरे खडे कॉन्ट्रास्टमध्ये हरवतात. क्रिएटिनिन थोडं वाढलंय म्हणून अर्धी रात्र घालवणं मला पटत नाही. सर्जनशी बोलून, सलाईन देऊन निर्णय लगेच घ्या. पोट दगडासारखं, बीपी हातात नाही आणि सोनोग्राफीत पाणी दिसतंय, अशा पेशंटला मात्र सीटीला आणू नका, तो थिएटरचा पेशंट आहे. गरोदर बाईला सोनोग्राफी, गरज लागली तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय.

विदर्भात फसवणाऱ्या तीन गोष्टी

पहिली सिकलसेल. इथे हा आजार घरोघरी माहीत आहे. लाल पेशी सतत तुटतात, बिलिरुबिन जास्त तयार होतं आणि कोवळ्या वयातच काळे खडे होतात. अशा मुलाला उजवीकडे दुखलं की घरचे आणि डॉक्टर दोघंही ‘क्रायसिस आला’ (सिकलसेलच्या दुखण्याचा झटका) म्हणतात, कारण नेहमी तेच असतं. त्याची प्लीहा निकामी झालेली असते, त्यामुळे जंतू झपाट्याने पसरतात. बिलिरुबिन त्याच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघा. नुसत्या लाल पेशी तुटल्या तर बिलिरुबिनचा अप्रत्यक्ष (इनडायरेक्ट) भाग वाढतो, प्रत्यक्ष (डायरेक्ट) भाग वाढला तर यकृतात किंवा पित्तमार्गात गडबड आहे. आणि सोनोग्राफी त्याच भेटीत करा. ‘याला नेहमीच होतं’ या शब्दांवर कुठल्याही सिकलसेलच्या मुलाला तपासल्याविना परत पाठवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरा डेंग्यू. पावसाळा सरता सरता सोनोग्राफीला रांग लागते आणि पित्ताशयाची भिंत जाड, पोटात पाणी, हे चित्र रोज दिसतं. ते फुटलेलं पित्ताशय नसतं. डेंग्यूत भिंतीला थरावर थर दिसतात पण रेषा सलग असते, मानेत खडा नसतो, छातीतही पाणी असतं, प्लेटलेट उतरलेल्या आणि हेमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) चढलेलं असतं. अशा पेशंटवर सुरी चालवणं घातक. मात्र डेंग्यू झालेल्याला पित्ताशयाचे खडे असू शकतात. भिंत एका जागी तुटलेली, पाणी दाणेदार आणि त्याच जागी बोट ठेवल्यावर पेशंट कळवळतोय, तर सर्जनला बोलवा.

तिसरा टायफॉइड. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडलं की आतडं फुटलं असंच वाटतं, आणि बहुतेकदा तेच असतं. क्वचित, मुलांमध्येसुद्धा, खडा नसलेलं पित्ताशय फुटतं. एक्स-रेत हवा नाही पण पोटात पाणी आहे, तर ही शक्यता चिठ्ठीवर लिहा.

रेफर करताना

सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेबाहेर उचलून नेता येत नाही, त्यामुळे केंद्रावरच्या डॉक्टरकडे प्रश्न, हात आणि नाडी एवढंच असतं. तेवढ्यावर शंका आली तरी पुरे आहे, पुरावा मिळेपर्यंत थांबू नका. तोंडाने काही देऊ नका, मोठी शीर धरून रिंगर लॅक्टेट सुरू करा, तुमच्या ठरलेल्या प्रोटोकॉलचं अँटिबायोटिक शिरेतून तिथेच द्या आणि १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अँटिबायोटिक नागपुरात पोहोचल्यावर देऊ म्हटलं तर तीन-चार तास गेले.

चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ लिहू नका. ‘पित्ताशय फुटल्याची शंका’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे नागपुरातलं मेयो हॉस्पिटल असो, मेडिकल असो की मिहानचं एम्स, कॅज्युअल्टीत पेशंट बाकावर बसून राहणार नाही. त्याखाली वेळा: दुखणं कधी सुरू झालं, कधी एकदम थांबलं, इंजेक्शन कोणतं नि किती वाजता, शेवटची लघवी कधी, शेवटचं खाणं कधी. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, सिकलसेल, आधीचं पित्ताशयाचं ऑपरेशन, हे एका ओळीत. ईसीजीची प्रत टाचून द्या. शक्य असेल तर सर्जनला आधी फोन करा.

घरच्यांनी जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटं, सिकलसेलचं कार्ड असेल तर ते, आणि शिधापत्रिका-ओळखपत्र एका पिशवीत घालून सोबत घ्यावं. सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रं मागाहून आली तरी चालतात, त्यासाठी पेशंट घरी थांबवू नका. वाटेत चहा, पाणी, ग्लुकोज काहीच पाजू नका. कितीही बरं वाटतंय म्हणाला तरी मधूनच गाडी वळवू नका.

आणि इथे पोहोचल्यावर पहिली सोनोग्राफी निर्दोष आली, तरी नाडी उतरत नसेल, पोट दुखरंच असेल किंवा लघवी कमी होत असेल, तर तोच सोनोग्राफीचा कागद दाखवून पेशंटला वॉर्डात पाठवू नका. चार-सहा तासांत पुन्हा प्रोब ठेवा किंवा सरळ सीटी मागा. रात्री दोन वाजता मला उठवून ‘मॅडम, परत एकदा बघता का’ म्हणणाऱ्या रेसिडेंटचा मला कधीच राग आलेला नाही.